जिना उतरून आलेल्या मॅडम

यवतमाळात एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर समुपदेशन करणाऱ्या मॅडम बसतात. त्या शेंगा फोडत ऐकतात, आणि आपण थांबलो की एवढंच म्हणतात, "मंग?"

त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझी बायको घाटंजीला माहेरी निघून गेली होती. "भांडन सुरू झालं का तुम्ही घराबाहेर पयता. पुरं भांडन उभ्यानं ऐकसान, तवाच येईन," असं बजावून. मी पडलो पंचायत समितीतला कारकून. मॅडमकडे तिच्याविरुद्ध रीतसर अर्जच घेऊन गेलो. विषय, संदर्भ आणि अकरा मुद्दे! मॅडमनी तो पूर्ण वाचला आणि त्यावर टरफलं ठेवली. "मंग?"

तेवढ्यात शेजारच्या खानावळीत कुणी तरी ओरडलं, ताट आदळलं. भानावर आलो तेव्हा मी खाली रस्त्यावर होतो. मागोमाग मॅडम, एकाच पायात चप्पल, मुठीत शेंगा.

"भाऊ, तुमच्या घरी ताट कोन आदळे?"

"माहा बाप," म्हणालो, आणि भर रसवंतीसमोर भोंगा पसरला. मॅडमनी मुठीतल्या शेंगा पुढे केल्या.

पाचव्या खेपेला त्या म्हणाल्या, "आता जा घाटंजीले."

गेलो. नेमका बाजाराचा दिवस. बायकोनं भर बाजारात अर्धा तास तोंडाचा पट्टा सोडला. मी जागचा हललो नाही. शेवटी तीच दमली.

"आज पयाले काहून नाही?"

"ऐकून राह्यलो ना," मी म्हणालो.

शेजारी बसलेली वांगेवाली मात्र टोपलं उचलून केव्हाच पळाली होती.