बिनशेपटीचा विंचू

जनाबाईच्या मनगटावर गोंदलेल्या विंचवाला शेपटी नव्हती. लहानपणी गोंदणारीण सुई टोचत असताना ती हात सोडवून जी पळाली, ती दिवस बुडेपर्यंत तलावाच्या पाळीवर लपून राहिली. विंचू अर्धाच राहिला. सारं अड्याळ गाव तिला त्या विंचवावरून ओळखायचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. शेजारची सुलोचना मात्र तिच्याच अंगाखांद्यावर वाढली, कारण सुलोचनाची आई भाताच्या रोवणीला गेली की पोरगी जनाबाईच्या घरी. आम्ही सगळ्या पोरी तिला जनामाय म्हणायचो.

अठ्ठ्याहत्तर साली आम्ही नववीत होतो. मराठीच्या सरांच्या डोक्यात आलं की धड्यातल्या पात्रांची वेशभूषा स्पर्धा घ्यायची. एका धड्यात दोन बायका होत्या. एक भर पावसात तलावाची पाळ राखून गाव वाचवणारी म्हातारी, आणि दुसरी घरोघरी चुगल्या करत हिंडणारी तिची शेजारीण. सुलोचना जनामायला म्हणाली, "मी म्हातारी बनून राहिली. तुह्यं लुगडं दे, अन् गोंदणही पाहून काढू दे."

जनामायला अक्षरओळख नव्हती. तिनं तो धडा सुलोचनाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. मग पेटीतलं हिरवं लुगडं काढून दिलं, आणि नेसायचं कसं तेही शिकवलं. हात पुढे करून बसली तेव्हा सुलोचनानं काजळानं विंचू उतरवला, तोही बिनशेपटीचाच. विहिरीवर जनामाय बायकांना सांगत सुटली, "गाव वाचवनाऱ्या बाईच्या हातावर माहा विंचू राहील, पाहा!" तिचा तो आवाज आठवला की माझं डोकं आजही तापतं.

स्पर्धेच्या दिवशी मी कोळशाची मिशी काढून राजा झाले होते. जनामाय पटांगणात सगळ्यांच्या पुढे बसली होती, डोक्यावरचा पदर नीट करत. सुलोचना आली ती चुगलखोर शेजारीण होऊन. जनामायसारखेच कमरेवर हात, तिच्यासारखंच अडखळत बोलणं. शेवटी तिनं मनगट उंच धरलं आणि म्हणाली, "माह्या विंचवाले शेपटी नाही, म्हनून मले जिभेनं डसा लागते."

सारं पटांगण हसलं. सरही हसले. पहिला नंबर तिलाच मिळाला. केसानं गळा कापतात म्हणे. इथं तर टाळ्या वाजवून कापला. जनामाय कोणाकडे न पाहता उठून घरी गेली.

संध्याकाळी सुलोचना लुगडं परत द्यायला निघाली, तेव्हा मी मुद्दाम तिच्यासोबत गेले. ती हात साबणानं स्वच्छ धुऊन आली होती.

"कायले रागावते, जनामाय? म्हातारीवर कोनी हासलं असतं का? नंबर नसता आला मले."

जनामायनं लुगड्याला हात लावला नाही. सुलोचनाचं मनगट धरून तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"तुह्यं साबनानं निघालं," ती म्हणाली. "माह्यं कायनं काढू?"

पुढच्या रोवणीला जनामाय मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून चिखलात उतरली. बाह्या भिजून जड झाल्या, तरी तिनं त्या वर सारल्या नाहीत.