व्हय म्हाराजा

कणकवलीच्या आमच्या ऑफिसात सोमवारची मीटिंग गाऱ्हाण्याने सुरू व्हायची. ही टूम साहेबांची. साहेब पुण्याचे. कंपनीने देवबागला रिसॉर्ट काढलं, तेव्हा त्यांनी इथल्या देवळात गाऱ्हाणं ऐकलं. एक जण सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागतो आणि दर वाक्याला बाकीचे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. "हेच तर टीमवर्क!" साहेब खूश. वर्षभरात ते आमच्या अंगात इतकं मुरलं की पडद्यावरचा तक्ता उलटा दिसला तरी आम्ही माना डोलवायचो. मीटिंगचा वृत्तांत, म्हणजे मिनिट्स, मी लिहायचे. नुसता 'स' टाइप केला की माझा कॉम्प्युटर आपणहून 'सर्वानुमते' लिहायचा.

गाऱ्हाणं घालायचे तांडेलकाका. रिसॉर्टच्या बोटी आणि खाडीत साखळीने काठाला बांधलेली तरंगती जेटी त्यांच्या ताब्यात. मीटिंगला ते दाराजवळच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसत. पावसाळा संपल्यावर एका सोमवारी ते उठून म्हणाले, "साहेबांनू, जेटीच्या साखळीची कडी झिजान बोटाएवढी रवली. बदलूक व्हयी."

हा झाला मुद्दा क्रमांक चार. त्या दिवशी फोटो नव्हते म्हणून तो राहिला. पुढच्या सोमवारी फोटो होते, पण साखळी 'मेंटेनन्स'मध्ये येते की 'सेफ्टी'मध्ये, यावर पाऊण तास गेला. मग उपसमिती नेमली आणि तिला नाव काय द्यायचं यावरून दोघांची जुंपली. मी तोंडावर फाइल धरून हसले होते, आता कशाला लपवू? चौथ्या सोमवारी बागेतल्या छत्र्यांचा रंग ठरवता ठरवता जेवायची वेळ झाली. दर वेळी मी लिहिलं, 'मुद्दा चार, पुढील बैठकीत'.

त्या संध्याकाळी काका जिन्यात थांबले होते.

"गो बाय, तू तरी नीट लिव."

"लिवलंय मा, काका."

त्यांनी बोटाने हवेत कडी दाखवली, बोटाएवढीसुद्धा नाही, करंगळीएवढी. वर जाऊन साहेबांना सांगावं असं वाटलं आणि मी घरी गेले.

पाचव्या सोमवारी काका गाऱ्हाण्याला उभे राहिले. टोपी हातात होती.

"बा देवा म्हाराजा, जेटीची साखळी झिजली आसा."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सवयीने म्हणालो.

"आमी सगळ्यांनी ती बघूनय बघूक नाय."

"व्हय म्हाराजा!"

"ती तुटान कोणाचो जीव गेलो, तर तेचो दोष हयसर बसलेल्या सगळ्यांच्या माथ्यार."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज साहेबांचा होता. गाऱ्हाण्याच्या सुरातली मालवणी त्यांना कळत नव्हती. आम्हाला कळत होती. क्षणभर कोणी कोणाकडे पाहिलं नाही, मग कोणीतरी प्रोजेक्टर लावला. मी लिहिलं, 'प्रार्थना झाली'.

गुरुवारी भर ओहोटीला कडी तुटली. जेटीवर दिवाळीच्या सुट्टीतली पोरंबाळं होती. काकांनी एकेकाला उचलून काठावर दिलं. शेवटी स्वतः उतरायला गेले, तेवढ्यात जेटी फिरली आणि ते जेटी आणि काठाची भिंत यांच्यामध्ये चेंगरले. हॉस्पिटलच्या वाटेवरच गेले.

सहाव्या सोमवारी साखळीचा मुद्दा पहिला घेतला. एका मिनिटात मंजूर झाला. मी 'स' टाइप केला, पुढचं कॉम्प्युटरने लिहिलं.

मग साहेबांच्या लक्षात आलं की सुरुवात करायची राहिली. दाराजवळच्या खुर्चीकडे न बघता त्यांनी हळूच विचारलं, "आज गाऱ्हाणं कोण घालणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. "बा देवा म्हाराजा," एवढंच म्हणाले आणि दाराजवळच्या खुर्चीकडे बघत थांबले.

तरी सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा."