लाकडी विणकराचं नाटक

बालवाडी चालवणाऱ्या बाईने फ्रेंच बाहुल्यांसाठी नाटक लिहावं, तेही यमकात, हे आज मलाच हसू येण्यासारखं आहे. पण पन्नाशीतली ती बाई स्वतःला कवयित्री समजत होती. हळदीकुंकवाला बायकांना उखाणे रचून दिले होते, एवढीच तिची साहित्यसेवा.

तेव्हा भिवंडीत आमची बालवाडी बघायला फ्रान्समधल्या एक बाई आल्या. त्यांच्या पिशवीत हातमोज्यासारख्या घालायच्या दोन बाहुल्या होत्या. लाकडी डोकं, खाली कापडी झगा. सोबतच्या दुभाष्या मुलीने सांगितलं, यांच्या गावात रेशमाचे माग होते, आणि तिथल्या जुन्या बाहुलीनाटकांचा नायकही विणकरच. हवालदाराला टोमणे मारतो आणि शेवटी दांडक्याने बडवतो. मी लगेच बाहुल्या मागून घेतल्या आणि म्हटलं, आमच्या मागावरच्या लोकांसाठी असं नाटक मी लिहिते.

खरं कारण घरात होतं. आमच्या ह्यांनी निजामपुऱ्यातल्या कारखान्यांत तीस वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त केले. त्या खटखटीने कान गेले. कारखान्यात सगळेच ओठ वाचतात, तसे ते घरी माझे ओठ वाचायचे. पाठ वळली की मी त्यांना पोटभर बोलून घ्यायचे, संसारातला तेवढाच फायदा. पण कानांमागोमाग त्यांचं हसणंही गेलं. चारचौघांत बसणं सुटलं. विणकराने हवालदाराला झोडलेलं बघून हा माणूस एकदा तरी हसेल, म्हणून मी आठ दिवस भात करपवत यमकं जुळवली.

शुक्रवारी लूम बंद, म्हणून दुपारी बालवाडीत प्रयोग ठेवला. सतरंजीचा पडदा केला. त्यामागे मी गुडघ्यांवर, दोन्ही हात वर.

“हवालदारसाहेब, बसा की जरा,
काठी माझी बारीक, पण नेम आहे खरा!”

लोक खो खो हसले. मी अशी फुगले की विचारू नका. मग सतरंजीच्या भोकातून पहिल्या रांगेत बघितलं. हे शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. शेजारी हसला की मागाहून हसत होते.

लाकडी बाहुल्यांचे ओठ हलत नाहीत आणि माझे पडद्याआड. ज्या बाईने वर्षानुवर्षं नवऱ्याकडे तोंड करून बोलायचं, तिला आठ दिवसांत हे एकदाही सुचलं नाही. यमक मात्र एकही चुकलं नव्हतं, शहाणीचं.

शेवटी दांडकं चाललं तेव्हा पोरंटोरं लोळली. हे नुसते बघत राहिले. मार कशाबद्दल पडतोय हेच कळलं नाही, तर माणूस हसणार कशाला?

घरी आल्यावर विचारलं, कसं झालं? “बेस झाला,” म्हणाले. कुठलं आवडलं? “सगलाच.”

मी त्यांना खिडकीपाशी बसवलं, उजेड माझ्या तोंडावर येईल असं. वही उघडली. पहिली ओळ म्हटली. ते इतकं लक्ष देऊन बघत होते, की दुसऱ्या ओळीला माझंच तोंड वाकडं व्हायला लागलं.

ते पुढे सरकले. “थांब. व्हट कापतान तुझं. काय समजत न्हाय.”

पदराने डोळे पुसून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि पुन्हा तिथेच अडले. दांडकं चालतं त्या पानापर्यंत आम्ही त्या दिवशी पोचलो नाही. नंतरही, ते होते तोवर, कधीच नाही.