सोमवारचं वजन
काकडी चिरताना तिचा ओला वास आला की जव्हारचं ते बालपोषण केंद्र आठवतं. मी तिथे हिशेबाचं काम पाहत होतो. संस्थेने आम्हा कर्मचाऱ्यांसाठी वजन घटवण्याचा उपक्रम सुरू केला होता. सकाळी सगळ्यांनी मिळून चालायचं, दुपारी भाताऐवजी काकडी खायची आणि सोमवारी सर्वांसमोर वजन करायचं. ज्याचं घटेल त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. मोठा काटाही मुलांच्या तपासणीच्या खोलीतच होता, त्यामुळे हे सगळं तिथे मुलं घेऊन बसलेल्या आयांच्या देखत व्हायचं. एका सोमवारी माझं दोन किलो उतरलं. टाळ्या झाल्या. "आता पँट सांभाळा, भाऊ!" परिचारिका म्हणाली आणि सगळे हसले. लगेच तिने सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरून आलेल्या बाईचं मूल लहान काट्यावर ठेवलं. आठवडाभर दूध, खिचडी भरवूनही त्याचं वजन वाढण्याऐवजी उतरलं होतं. परिचारिकेने आकडा हळू आवाजात सांगितला. आईने मुलाला उचलून छातीशी धरलं आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "माझे पोराचंबी उतरलं ना, ताई? मग वाजवा ना टाळ्या." मी चपला घालायला वाकलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिलो. मूल पुढे सावरलं आणि ती त्याला घेऊन घरी गेली. उपक्रम आम्ही बंद केला नाही. मोठा काटा शेजारच्या खोलीत हलवला आणि सोमवारी दार लावून घेऊ लागलो. तेव्हा मला तेवढं पुरेसं वाटलं होतं.