पासानगरचा राक्षस हरेना!

चार माणसं नाटक बसवायला जमली, की नाटक राहतं बाजूला आणि किस्सेच वाढत जातात. आमच्या मोताळ्याच्या मंडळाकडे तर एकाच नाटकाचे इतके किस्से आहेत, की ते सांगता सांगता चहा दोनदा गार होतो!

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या गुरुजींनी एक अद्भुत नाटक लिहिलं. पासानगर नावाचं राज्य, आणि तिथे सगळं फाशांवर ठरतं. लग्न कोणाशी करायचं, पाऊस कधी पाडायचा, सगळं! शेवटी चांगला राजा आणि राक्षस फासे टाकतात. ज्याचे जास्त पडतील, सिंहासन त्याचं. राजा रहीमचाचा शिंपी, राक्षस नामदेव सुतार, आणि मी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टर. लाकडी फासे नामदेवनेच घडवलेले. गावात वीज नव्हती, म्हणून प्रयोग बाजाराच्या दिवशी, भर दुपारी.

*

पहिल्याच प्रयोगात रहीमचाचांनी फासे टाकले आणि न बघताच गरजले, "बारा!"

पुढे बसलेला एक कापूसवाला तडक स्टेजवर चढला. "बारा कुठं हायेत? हे तर तीन पडले! काऊन फसवून राह्यले लोकायले?"

सगळी पब्लिक त्याच्याच बाजूने! त्या दिवसापासून फासे खरे टाकायचे ठरले. गुरुजींनी दोन शेवट लिहून दिले आणि मी दोन वह्या घेऊन उभा राहू लागलो.

*

मलकापूरच्या प्रयोगात एक हवालदार आत घुसला. त्याला वाटलं जुगार चाललाय.

"डावावर काय लावलं?"

गुरुजी खरं बोलणारे. म्हणाले, "राज्य."

"कोणतं?"

"पासानगर."

हवालदाराने शांतपणे वही काढली. "तालुका कोणता?"

*

पण खरी पंचाईत नामदेवची झाली. फासे खरे पडायला लागले आणि राक्षसच जिंकू लागला. चार प्रयोग, चारही वेळा! लोक त्याला रस्त्यात शिव्या द्यायचे. जळगाव जामोदच्या बाजारात एका भाजीवालीने तर टोपली झाकून घेतली. "राक्षसाले वांगे नाही भेटत!"

हे सगळं त्याच्या आईच्या कानावर गेलं. बिचारीने घराबाहेर पडणं कमी केलं. नामदेव भेटेल त्याला सांगायचा, "एकदा, फक्त एकदा मले मायच्या समोर हरायचं हाय!"

मग त्याने डाव्या हाताने फासे टाकून पाहिले. बारा! डोळे मिटून टाकले. पुन्हा बारा! मला हसू येत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं.

*

पुढचा प्रयोग मोताळ्यालाच होता. नामदेवने हातापाया पडून आईला आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. रहीमचाचांनी अल्लाचं नाव घेऊन फासे टाकले.

दोन! एक आणि एक. याहून कमी पडूच शकत नाही. म्हणजे नामदेवला हरायला जागाच उरली नाही!

त्याचा चेहरा पाहवेना. शिंगांखालून घाम गळत होता. रागारागात त्याने फासे असे भिरकावले, की ते स्टेजवरून उडून थेट आईच्या पदरात जाऊन पडले.

सगळा बाजार माना उंचावून बघू लागला. मी दोन्ही वह्या उघडून उभा. मागून कोणीतरी ओरडलं, "किती पडले वं माय?"

म्हातारीने पदराकडे बघितलंसुद्धा नाही. फाशांसकट पदराची गाठ मारली, कमरेला खोचली आणि उठून उभी राहिली.

"नाम्या, चाल घरी. लोकायचं राज्य लोकायले राहू दे."

राक्षस मुकाट्याने स्टेजवरून उतरला आणि शिंगांसकट आईच्या मागे चालू लागला. गर्दीने बाजूला होऊन वाट दिली. टाळ्या थांबेचनात.

रहीमचाचा रिकाम्या सिंहासनाकडे बघत राहिले. मग विंगेत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आता बसू काय मी?"