तोंडातला रुमाल

आमचे मोठे काका मुके सिनेमे काढायचे, आणि त्यांच्याइतका बडबड्या माणूस मी दुसरा पाहिला नाही. सिनेमा कशाशी खातात हेही कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा त्यांनी आपल्या फोटोच्या दुकानामागे पत्र्याची शेड ठोकून स्टुडिओ काढला. दिग्दर्शक तेच, निर्माते तेच, पडदे रंगवणारेही तेच. काकूच्या चादरी राजवाड्यात गेल्या त्या परत आल्याच नाहीत. तो तापलेला पत्रा, तो ओल्या रंगाचा वास आठवला की अजून जीव कासावीस होतो.

कॅमेरा फिरू लागला की काकांचं तोंड सुटायचं. "वर बघ! दचक आता! अरे, घर जळतंय, हसतोस काय मख्खा!" चित्र मुकं, ऐकतंय कोण? नटमंडळी त्या आवाजावरच हसायची, रडायची.

मग बोलपट आले. काकांनी होतं नव्हतं ते पणाला लावून एक बोलपट काढायला घेतला. हा चालला नाही तर शेडला कुलूप, हे घरातल्या मांजरालाही कळत होतं. अट एकच: काकांनी गप्प बसायचं. पण जित्याची खोड! पहिला अख्खा दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी काकूने त्यांच्या तोंडात रुमालच कोंबला. "हूं की चूं करायचं नाही!"

काका बसले. पण आई गेल्याचा प्रसंग, आणि नायिकेच्या डोळ्यांत टिपूस नाही. काकांच्या आवाजाशिवाय तिला रडता येईना. शेवटी काकांनी रुमाल ओढून फेकला. "रड गं बाळा, रड. मी आहे इथे."

ती अशी रडली की सुतारानेही डोळे पुसले.

"तुमचा आवाज आलाय," ध्वनियंत्रावरचा माणूस म्हणाला. तो तुकडा कापावा लागला. तसं रडणं पुन्हा काही जमलं नाही. चित्र सपशेल आपटलं, आणि काका पुन्हा दुकानात लोकांना "हसा, अजून हसा" म्हणू लागले. त्या मेल्या यंत्रावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

काका गेल्यावर तो ध्वनियंत्रवाला एक डबा घेऊन आला. आता तोही म्हातारा झाला होता.

"कापला, पण टाकवला नाही," म्हणाला.

दुकानामागच्या खोलीत चादर टांगून आम्ही तो तुकडा लावला. चित्र पार पुसट झालेलं. ही नायिका की दुसरी कुणी, यावरून आमची कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात खोलीत आवाज घुमला. "रड गं बाळा, रड. मी आहे इथे."

काकूने हात वर केला.

"गप्प बसा सगळे. ते बोलतायत."