बांधलेल्या बोटीवरचा मामा

या, जरा जवळ सरकून बसा. असे दाराशी, कोट न काढता, गाडीची किल्ली हातात खुळखुळवत बसलात तर मी काय सांगणार आणि तुम्ही काय ऐकणार? तुम्हा मंडळींचं नेहमीचंच. येण्याआधी टेक्स्ट करायचा, आल्यावर घड्याळ बघायचं आणि निघताना म्हणायचं, "आजी, नेक्स्ट टाइम नक्की वेळ काढून येतो." तो नेक्स्ट टाइम मी अमेरिकेत, या ट्रॉय गावात आल्यापासून ऐकतेय. ठेवा ती किल्ली खाली. चहा टाकलाय. आज मी तुम्हाला आमच्या नातीच्या मामाबद्दल सांगणार आहे.

दोनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजांसाठी आज जेवताना घास अडकणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या सुनेचा भाऊ आहे. नात त्याला मामा म्हणते म्हणून सगळं घर मामा म्हणतं, मीही म्हणते. तो मला आजी म्हणतो. वयाने साठीला आलेला माणूस मला आजी म्हणतो याचं पहिल्यांदा वाईट वाटलं होतं, आता सवय झाली. मामा लग्नाच्या भानगडीत पडला नाही. गाड्यांच्या कारखान्यात ब्रेक तयार करणाऱ्या खात्यात त्याने सगळी नोकरी काढली. म्हणजे जगात बाकीचे इंजिनियर वस्तू पुढे कशी जाईल ते बघतात, हा ती थांबेल कशी ते बघायचा. स्वभावाला साजेशी नोकरी मिळणं हेसुद्धा नशीबच.

हे बुडण्याचं वेड त्याला कधी लागलं कुणाला ठाऊक नाही. पण त्यातही त्याचं सोवळं कडक. एकोणिसाव्या शतकाची पहिली पंचवीस-तीस वर्षं, शिडाची जहाजं, अर्धे कोरे नकाशे, दीपगृह असलं तर असलं. त्यानंतर बुडालेल्यांशी त्याचा संबंध नाही. कुणी कौतुकाने ते बर्फाला धडकलेलं सिनेमातलं मोठं जहाज काढलं की हा असा चेहरा करतो, की जणू शास्त्रीय गाण्याच्या बैठकीत कुणी बँडची फर्माईश केली. "ते फार अलीकडचं," असं म्हणून तो ताटातल्या कोशिंबिरीकडे बघायला लागतो.

एरवी मात्र त्याला विषय काढावा लागत नाही, विषय आपल्या पायाने त्याच्याकडे चालत येतो. आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी म्हणालं, मीठ जरा जास्त झालंय, की झालं. "मीठ! मिठाची पिंपं भरून निघालेली एक बोट याच आपल्या समुद्राएवढ्या तळ्यांमध्ये नोव्हेंबरच्या वादळात..." आणि मग वरणभात गार होईपर्यंत ती बोट बुडत राहते. एका डोहाळजेवणाला तर त्याने ओटी भरायला आलेल्या बायकांना लाकडी जहाजाला तळाशी भोक पडलं की पाणी कसं उपसतात ते हातवारे करून दाखवलं. होणारी आई हसून हसून बेजार झाली, तिची सासू मात्र अजून मला ओळख दाखवत नाही. बारशाला लोक चांदीची वाटी नेतात, मामा वीतभर लाइफ जॅकेट घेऊन जातो. या गावातल्या निम्म्या पोरांची पहिली वस्त्रं नारिंगी आहेत ती त्याच्यामुळे.

घरात त्याच्या सगळं वजनावर चालतं. फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरण्या तळाला, कोथिंबीर वर. "आजी, वजन खाली असलं की काही उलटत नाही." हिवाळ्यात गाडी बर्फावर घसरू नये म्हणून लोक डिकीत वाळूची पोती ठेवतात, हा बासमतीची ठेवतो. आमचं मंडळ गुढीपाडव्याला जो मसालेभात खातं, तो आधी चार महिने हायवेवर हिंडून आलेला असतो. आणि इतकं पाण्याचं वेड असून पोहता येत नाही! बाथटबमध्ये हा माणूस आजतागायत बसलेला नाही. बादली-तांब्या घेऊन उभा राहतो. गणपतीच्या विसर्जनाला आम्ही सगळे तळ्याकाठी आरत्या म्हणतो, हा पाठ करून उभा. एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "आजी, पुढच्या वर्षी येतो सांगून बुडालेला आणि खरंच परत आलेला हा एकच. बाकी कुणाचा भरवसा नाही."

अशा माणसाच्या एकुलत्या एक भाचीने बोटीवर लग्न करायचं ठरवलं.

आता आमच्या नातीचं सांगते. इथेच जन्मली, इथेच वाढली. सून हॉस्पिटलच्या ड्युट्या करायची, माझा मुलगा सतत फिरतीवर, तेव्हा तिला डेकेअरमधून आणणारा, तिच्या वेण्या वाकड्यातिकड्या घालणारा आणि तिच्या पोहण्याच्या क्लासला काठावर स्वतः लाइफ जॅकेट घालून बसणारा मामाच. कोच विचारायचा, "सर, तुम्ही पाण्यात उतरणार आहात का?" मामा म्हणायचा, "नो, नो. जस्ट इन केस." ती पोहायला शिकली, हा जॅकेट घालायला शिकला. पुढे ती नोकरीला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला गेली, तिथे तिला दक्षिणेकडच्या अल्फारेटात वाढलेला मराठी मुलगा भेटला, आणि दोघांनी मिळून आम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, लग्न आपल्या इथल्या सेंट क्लेअरच्या तळ्यात, बोटीवर. हल्ली हॉलमध्ये लग्न केलं तर लोकांना वाटतं मुलीच्या बापाला काहीतरी अडचण आहे.

मामाने दोघांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी येणार नाही."

"मामा, इट्स अ बोट, नॉट अ सबमरीन!"

"सबमरीन निदान सांगून खाली जाते."

"मामा, यार, प्लीज. असं काय करतोस?"

"मी काठावर उभा राहून अक्षता टाकीन. वारा अनुकूल असला तर पोचतील."

हसू नका. कारण आमच्या लग्नात मामाशिवाय पान हलत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. नवरी गौरीहारापुढे बसायची, मामाने तिला हाताला धरून बोहल्यावर आणायची, अंतरपाट धरला की तिच्या मागे उभं राहायचं. आणि हिला मामा हा एकच. लग्नाची व्यवस्था बघणाऱ्या प्लॅनरबाई म्हणाल्या, "काकू, आपण दुसऱ्या काकांना उभं करू या ना, फोटोत तसंही पाठमोरेच दिसतात." नातीने ते ऐकलं आणि तिने प्लॅनरला सांगून टाकलं, "मामा नसेल तर मी गौरीहारावरून उठणारच नाही. बसून राहीन. तुम्ही ते फोटोत घ्या." आणि ती उठली नसती हो. हट्टात ती थेट मामावर गेली आहे. माझी सून महिनाभर झोपेविना. एकीकडे भाऊ, एकीकडे लेक, आणि मध्ये आगाऊ पैसे घेऊन बसलेली बोट.

शेवटी तह झाला. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच मुहूर्त साधायचा, अक्षता पडल्या की मामाने उतरायचं, मग बाकीच्यांनी हवं तिकडे जावं. मामा आदल्या दिवशी जाऊन दोरखंड बघून आला. बोटीची कॅप्टन एक उंच, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. तिने त्याला सगळं हिंडून दाखवलं. शेवटी म्हणाली, "सर, आमच्याकडे रडार आहे." मामा गंभीरपणे म्हणाला, "त्यांच्याकडे देव होता." बाईने टोपी काढून डोकं खाजवलं. पण एक गोष्ट तिने स्पष्ट सांगितली. दुपारी बाराला बोट निघणार म्हणजे निघणार, कारण तिसऱ्या प्रहरी दुसऱ्या कुणाची पार्टी. आम्ही म्हटलं, अहो, अकराचा मुहूर्त आहे, एक तास म्हणजे ढीगभर वेळ!

आपल्या लोकांनी असं कुणाला सांगू नये.

मुहूर्ताला सगळं बरोबर होतं. मामाने नातीला हाताला धरून आणलं. फेटा, रेशमी सदरा, आणि सदऱ्याच्या आत काहीतरी फुगलेलं. ते काय होतं ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. अंतरपाट धरला. गुरुजींनी, जे एरवी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, टॅब्लेटवर बोट फिरवून पहिलं मंगलाष्टक म्हटलं. आणि मग आमच्या बायका पुढे सरसावल्या. इथे प्रत्येक काकूने स्वतःचं मंगलाष्टक रचून आणलेलं असतं, आणि ते म्हणू दिलं नाही तर पुढची दहा वर्षं दिवाळीच्या फराळात चकल्या मऊ येतात. कुणी त्यात दोघांच्या डिग्र्या गुंफल्या होत्या, कुणी ट्रॉयपासून बेलव्ह्यूपर्यंतची गावं. मुलाच्या आत्याने तर मुलाकडच्या एकूण एक माणसाचं नाव वृत्तात बसवलं होतं. ज्यांची बसली नाहीत त्यांना तिने ओढून बसवलं. गुरुजी दर कडव्याला आशेने "शुभमंगल सावधान" म्हणायचे आणि आत्याबाई श्वास घेऊन पुन्हा सुरू व्हायच्या.

मामा डोळे मिटून उभा. दोन्ही हात नातीच्या खांद्यावर. सावधान हा शब्द ऐकून बोहल्यावरून पळालेल्या थोर संतांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिथे नवरदेवाचा प्रश्न होता. मामाला पळता येत नाही.

तेवढ्यात भोंगा वाजला. आत्याबाईंना वाटलं कुणीतरी सूर दिला, त्यांनी पट्टी वाढवली. मी खिडकीतून बघितलं तर धक्क्यावरचा माणूस दोर सोडत होता. बारा वाजले होते. मी सुनेकडे बघितलं, सुनेने माझ्याकडे. तिच्या हातातल्या अक्षता तिथेच गळून पडल्या. बोट हलली. अगदी हळू, झोपलेल्या पोराने कूस बदलावी तशी.

पुढचं मला नातीने नंतर सांगितलं. मामाने डोळे न उघडता तिच्या कानाशी विचारलं, "तू थरथरतेस का गं?"

तिला कळलं होतं. पायाखाली इंजिन घुमत होतं. ती म्हणाली, "हो मामा. टेन्शन आलंय. धर मला."

आणि त्याने धरलं. दोन्ही पाय रोवून, घट्ट. तिला धीर देत राहिला. "काही होत नाही, मी आहे ना," असं आयुष्यभर लाइफ जॅकेट वाटत फिरलेला तो माणूस, सुटलेल्या बोटीवर उभा राहून म्हणत होता.

अंतरपाट पडला, वाजंत्र्यांची रेकॉर्ड लागली, माळा पडल्या, आणि मामाने डोळे उघडले. खिडकीत धक्का नव्हता. नुसतं पाणी. आम्ही सगळे गारठलो. माझा मुलगा हळूच त्याच्या मागे जाऊन उभा राहिला, म्हटलं पडलाच तर.  मामाने फेटा काढला, सदरा नीट केला आणि एकटाच मागच्या कठड्यापाशी गेला.

मी काठी टेकत त्याच्यामागे गेले. म्हटलं, "मामा, रागावलास?"

तो किनाऱ्याकडे बघत होता. झाडं, गाड्या, धक्क्यावरचा तो दोर सोडणारा माणूस, सगळं लहान होत चाललेलं. म्हणाला, "आजी, मी आजवर जे वाचलं ना, ते सगळं काठावर राहिलेल्यांनी लिहिलेलं. निघाले, दिसेनासे झाले, पुढे काही कळलं नाही. बोटीवरच्यांचं लिहायला कोण परत आलं? त्यामुळे मला नेहमी वाटायचं, ते जातात." त्याने कठड्यावर हात ठेवला. "इथून तसं नाही वाटत हो. आपण जिथल्या तिथेच. तो काठच जातो."

आत नात हसत होती. कुणीतरी तिच्या तोंडात जिलबी कोंबली होती, पाक हनुवटीवर आलेला, आणि ती हातानेच पुसत होती. मामाने वळून तिच्याकडे बघितलं. म्हणाला, "तिला वाटतच नसेल ना आजी, की ती चाललीय."

 मीही एकदा विमानात बसून इकडे आलेच की. मलाही वाटलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर आतलं जॅकेट चुर्रकन वाजलं, आणि आम्ही दोघंही हसलो, नंतर जरा वेळ डोळे पुसले.

नात बेलव्ह्यूला गेली. फोन करते, हसते, कामात असते, पोरीचं छान चाललंय. मामा रविवारी माझ्याकडे जेवायला येतो. अजूनही एखादं जहाज घेऊन येतो, पण हल्ली मध्येच थांबतो आणि विचारतो, "आजी, शेवटपर्यंत सांगू का?" पूर्वी कधी विचारायचा नाही. मला तर त्याच्या सगळ्या बोटी पाठ झाल्या आहेत, आणि बोलणाऱ्याला ते चटकन कळतं. त्याला समोर कुणीतरी हवं, ज्याला पुढे काय झालं ते ठाऊक नाही. म्हणून म्हणते, या हो. येत्या रविवारीच या. पोरांनाही आणा, इंग्लिशमध्ये बोलली तरी चालतील, तो त्यांना इंग्लिशमध्ये बुडवून दाखवेल. मी भात जास्तच टाकते. लवकर या.